जुन्या घाटाकडे

तोतारामनानांनी वल्हं खाली ठेवलं. "नाही पोरी. जुन्या गावाजवळ आता गुडघाभर पाणी, अन् खाली बाभळीची खुंटं. माझी नाव तिथंच फसंल."

सुगंधा काठावरच बसून राहिली. तापीवर धरण झालं, फुगवट्यात गाव गेलं, तेव्हा ती आठवीत होती. आई मात्र नव्या गावठाणात कधी रुजलीच नाही. परवा कायमचे डोळे मिटताना एवढंच म्हणाली, "मले आपल्या घाटावर सोडा."

"मी नेतो तुम्हाला."

तिनं वळून पाहिलं. उन्हानं रापलेला चेहरा, हातांना वॉर्निशचा वास... आणि त्याच्यामागे पाण्यावर डुलणारी पांढऱ्या शिडाची लाकडी होडी.

अभिमन भडगावच्या शेतकऱ्याचा मुलगा. माझगावात होड्या बांधायच्या कारखान्यात सुतारकाम शिकला. कारखाना मोडताना म्हाताऱ्या मालकानं ही समुद्रातली होडी त्याला देऊन टाकली. त्यानं तिच्या तळाचा जड लोखंडी कणा काढला, पोटात वर-खाली सरकणारी फळी बसवली. आता धरणातला गाळ मोजणाऱ्या साहेबांना तो तिच्यातून फिरवत असे.

"पाणी उथळ झालं की फळी वर ओढायची," तो म्हणाला. "वीतभर पाण्यातही चालते."

"आणि तरी फसली तर?"

"उतरून ढकलीन."

"आणि तुम्हीच फसलात तर?"

"मग... तुम्ही ओढा." बोलून तो स्वतःच ओशाळला.

सुगंधाला हसू आलं. लगेच अपराध्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वडील बन्सीलालआबा मांडीवर अस्थिकलश घेऊन होडीत बसले. गाव बुडाल्यापासून ते या पाण्याकडे फिरकलेच नव्हते. माघातला गार वारा शिडात भरला. पुढे पाणी गढूळ झालं, तशी अभिमननं दोरी ओढून फळी वर घेतली. तरीही घाटाच्या अलीकडे होडी गाळात रुतलीच.

तो मांडीभर चिखलात उतरला. पाठोपाठ पदर खोचून सुगंधाही.

"अहो, तुम्ही वर बसा—"

"ओढायला तुम्हीच सांगितलंत ना?"

दोघांनी होडी घाटाला लावली. पाण्याबाहेर दोनच पायऱ्या उरल्या होत्या. आबांनी कलश रिता केला आणि इतके दिवस आवरलेलं रडू त्यांना आवरेना. सुगंधानं त्यांना धरलं. मग तिचं लक्ष गेलं... अभिमन त्यांच्याकडे पाठ करून, दोर धरून, तसाच थंड पाण्यात उभा होता. आबा शांत होईपर्यंत त्यानं मान वळवली नाही.

तिच्या मनाचं जे व्हायचं ते तिथेच झालं.

काठावर परतल्यावर आबा पाय धुवायला पुढे गेले. तिनं विचारलं, "मोजणी संपल्यावर?"

"नाशिककडच्या एका धरणावर बोलावलंय. होळीनंतर जायचं. पण..." तो अडखळला. शहरातली भाषा त्याला सोडून गेली. "सुगंधा, माले तू आवडस. जानं जीवावर येस."

सुगंधानं पदराचं चिखलानं माखलेलं टोक पिळलं.

"वर्षभर घरात मंगलकार्य नाही," ती हळूच म्हणाली. "थांबाल?"

त्यानं शीड उतरवलं, नीट घडी घातली आणि तो आबांकडे गेला.

"आबा, तुमच्या खळ्यात वर्षभर माझ्या होडीपुरती सावली मिळेल?"

आबांनी एकवार लेकीकडे पाहिलं.

"थांब," ते म्हणाले. "होडी न्यायला बैलगाडी घेऊन येतो."