झटक्यांची साक्ष

साक्षीला दोन कड्या देत. डाव्या अंगठ्यात हिरवी, उजव्या अंगठ्यात लाल. शेजारच्या बोटानं कडी दाबली की नोंद होई. समोर बसलेल्या माणसाची हालचाल त्याची स्वतःची असेल तर हिरवी दाबायची, आजाराची असेल तर लाल. रोज चार तास, चाळीस दिवस. या चाळीस दिवसांना साक्षीकाळ म्हणत.

शर्वरी शिंगटे आपल्या आईची साक्षी होती.

पलंगाच्या कडेवर बसलेल्या वृषालीबाईंचं अंग आपल्याच मनानं चाललं होतं. खांदा उडाला. लाल. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला. हिरवी. मान एका बाजूला फेकली गेली. लाल. नर्सनं पाण्याचा पेला पुढे केला, तो घ्यायला हात गेला. हिरवी. वाटेतच तो हात भलतीकडे उडाला आणि पेला खाली पडला. लाल. आठ दिवसांत शर्वरीचा हात चांगला बसला होता. विचार न करताही बोटं बरोबर कडीवर पडत होती.

नवव्या दिवशी आईची हनुवटी पुसायला ती पुढे वाकली, तेव्हा वृषालीबाईंचा उजवा हात वर गेला आणि फाडकन् तिच्या गालावर बसला.

शर्वरीनं आईच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते डोळे तिला लहानपणापासून पाठ होते. मग तिनं लाल कडी दाबली.

डॉक्टर या आजाराला कोरिया म्हणत. कराडच्या बाजूला त्याचं नाव पडलं होतं नाचरा वात. मेंदूच्या पोटात हालचालींची एक चाळणी असते. माणसाच्या मनात क्षणाक्षणाला शेकडो हालचालींचे हुकूम उठतात. त्यातला हवा तो एक ही चाळणी पुढे सोडते, बाकीचे अडवते. चाळणी फाटली की नको ते हुकूमही खाली उतरतात आणि हात, पाय, मान, सगळं झटके देऊ लागतं. फाटलेली चाळणी शिवता येत नव्हती. म्हणून तिच्या बदली खाली, मानेपाशी, दुसरी चाळणी बसवायचं ठरलं. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा एक मणी मणक्यालगत बसवायचे. मेंदूकडून हातापायांकडे जाणारा प्रत्येक हुकूम त्याच्या पुढून जाई, आणि नको तो हुकूम मणी मवाळ करून सोडी.

अडचण एकच होती, आणि पहिल्याच भेटीत डॉ. रुबिना मुजावर यांनी ती शर्वरीला समजावून सांगितली होती.

"मण्यापर्यंत पोचलेला हुकूम फक्त हुकूम असतो," त्या म्हणाल्या होत्या. "तो आईंनी दिला की आजारानं, हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं. ते मण्याला कुणीतरी शिकवावं लागतं."

"मग आईलाच विचारा ना. तिचं तिला कळणार नाही का?"

"हीच तर गंमत आहे या रोगाची. बऱ्याच पेशंटना आपलं अंग उडतंय हे जाणवतच नाही. आणि कडी दाबायला सांगावं, तर दाबणारं बोटच उडतं. म्हणून घरातलं माणूस लागतं. ज्यानं आजाराआधीचं माणूस पाहिलंय, त्यालाच आता कोण हलतंय ते ओळखता येतं."

"आणि माझी चूक झाली तर?"

"तर मणी तीच चूक शिकेल," डॉक्टर म्हणाल्या. "कायद्यानं साक्षीचा शब्द अखेरचा आहे. जपून."

घरात दुसरं माणूस नव्हतं. वडील शर्वरी चार वर्षांची असताना घर सोडून गेले होते.

वृषालीबाई तीस वर्षं सुंदर हस्ताक्षराचा वर्ग चालवत होत्या. सगळं जग बोलून लिहायला लागलं, तरी त्यांच्याकडे मुलं येत. लग्नपत्रिकेवरची नावं, मानपत्रं, दुकानांच्या पाट्या, जे काही हातानं लिहिलेलं हवं असे त्यासाठी लोक त्यांनाच शोधत येत. वर्गातल्या मुलांना त्यांनी कधी बोट लावलं नाही. मार फक्त शर्वरीला. तिचा 'ळ' कलंडला की पोलादी फूटपट्टी आडवी नाही, धारेवर उभी येई. सातव्या वर्षी डाव्या हाताची करंगळी अशीच मोडली. "दारात सापडली," असं आईनं दवाखान्यात सांगितलं. आणि शर्वरीनंही मान हलवली. ती करंगळी वाकडीच बरी झाली.

आता शर्वरी सदतीस वर्षांची होती, पाणीपुरवठा कार्यालयात नोकरीला. आईला आजार झाल्याचं कळलं तेव्हा तिला रडू आलं. पण त्या रडण्याखाली एक सुटकेची भावना होती, आणि ती तिनं कुणाला सांगितली नाही. या आजारात माणूस चिडखोर होतं, असं तिनं वाचलं होतं. हात उचलतं, असंही वाचलं होतं. म्हणजे तो मार आजाराचा असेल. किती तरी वर्षं आधीपासून तो आजार आत दबा धरून बसला असेल.

म्हणून साक्षीकाळात आईनं तिला चौदा वेळा मारलं, चिमटा काढला, ढकललं, आणि चौदाही वेळा तिनं लाल कडी दाबली. ती खोटं बोलत नव्हती. निदान तेव्हा तिला तसं वाटत नव्हतं.

मणी बसवला आणि आठवड्याभरात वृषालीबाई शांत झाल्या. मानेला हिसका येईनासा झाला. पेला ओठांपर्यंत न सांडता जाऊ लागला. जीभ मात्र मण्याच्या टप्प्याबाहेर होती. त्यांचं बोलणं आधीच चिखल झालं होतं, ते तसंच राहिलं.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी शर्वरी त्यांना भात भरवत होती. भात गरम होता. वृषालीबाईंचा हात वर गेला. शर्वरीनं सवयीनं डोळे मिटले. हात आला, तिच्या गालाला टेकला आणि तिथंच थांबला. ऊन, कोरडा, हलका हात. तळवा गालावर, बोटं कानामागे.

शर्वरी हातातला घास तसाच धरून बसून राहिली. सदतीस वर्षांत आईनं तिला असं कधी धरलं नव्हतं.

त्यानंतर ते रोजच होऊ लागलं. कधी गालावर, कधी डोक्यावर, कधी पाठीवर हात पडे. शर्वरी कामावरून धावत घरी येई. कार्यालयातल्या बायकांना सांगे, "आई आता इतकी मायाळू झालीय, काय सांगू." वृषालीबाईंची बोटंही हळूहळू लिहायला लागली होती. आधी रेघा, मग गोल, मग काना-मात्रा. त्यांचा त्या वळणदार अक्षरांवरचा ताबा परत येत होता.

तीन महिन्यांनी मण्यातल्या नोंदी तपासल्यावर डॉक्टरांनी शर्वरीला एकटीला बोलावून घेतलं.

"मणी हालचाल एकदम थांबवत नाही, हे तुम्हाला सांगितलं होतं ना?" डॉ. मुजावर यांनी विचारलं. "सुरुवातीचे मणी हालचाल थांबवायचे. हात हवेतच गोठायचा, स्नायू फाटायचे, माणसं कोसळायची. म्हणून आता तो फक्त जोर काढून घेतो. वाट तीच ठेवतो. हात जिथं निघालेला असतो तिथं पोचतोच, पण पिसासारखा."

"हो. मग?"

डॉक्टरांनी पडद्यावर ठिपके दाखवले. ढीगभर ठिपके सगळीकडे विखुरलेले होते. एका कोपऱ्यात मात्र काही ठिपके एकमेकांना चिकटून बसले होते.

"हे विखुरलेले आजाराचे झटके. आजाराला दिशा नसते, शर्वरीताई. तो भिंतीकडेही हात फेकतो आणि छताकडेही. पण हे चिकटलेले बघा. हे फक्त तुम्ही हाताच्या अंतरावर असता तेव्हाच येतात. सगळे तुमच्या चेहऱ्याच्या दिशेनं. आणि यांचा मूळचा जोर..." त्यांनी त्या पुंजक्यावर बोट ठेवलं. "हा जोर मण्यानं काढून घेतला नसता, तर तुमचा जबडा दुखावला असता."

शर्वरी ते ठिपके मोजू लागली.

"त्या तुम्हाला मारतायत. मणी ते मवाळ करतोय, कारण साक्षीकाळात तुम्ही तसं शिकवलंत."

"आजारात माणूस मारकुटं होतं ना पण?" शर्वरीनं विचारलं. "लहानपणीसुद्धा ती मारायची. तेव्हापासूनच आजार असेल."

डॉक्टरांनी हे आधी पाहून ठेवलं असावं. "मेंदूची झीज मोजून आजाराचं वय काढता येतं. झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजतात तसं. तुमच्या आईंचा आजार नऊ वर्षांचा आहे."

"नऊच?"

"नऊच. तुम्ही तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होतात."

शर्वरीनं वाकडी करंगळी दुसऱ्या हाताच्या मुठीत धरली.

"दुरुस्तीचा आठवडा घेता येतो," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही पुन्हा कड्या घालायच्या आणि मण्याला नव्यानं शिकवायचं. मार खा असं मी म्हणत नाही. पण राग त्यांचा आहे. माणसाचा राग आजार म्हणून दाबून टाकायला हा मणी केलेला नाही."

घरी आली तर वृषालीबाई टेबलाशी लिहीत बसल्या होत्या. शर्वरीला पाहताच त्यांनी कागद तिच्याकडे फिरवला. अक्षर पूर्वीइतकंच देखणं होतं, मोत्यासारखं, एक काना इकडचा तिकडे नाही.

'मी तुला मारायला हात उचलते. तो मऊ का पडतो?'

शर्वरी खुर्चीत बसली. "आई, तो आजार आहे. तू नाहीस ती."

वृषालीबाईंनी कागद ओढून घेतला. लिहायला त्यांना वेळ लागला, कारण घाई करून अक्षर बिघडवणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

'मारलं ते मीच मारलं. तेव्हाही, आताही. आजाराच्या नावावर घालू नकोस.'

"का मारायचीस मग?"

'अक्षर वाईट होतं.'

"सात वर्षांची होते मी!"

पेन बराच वेळ कागदावर टेकून राहिलं. शर्वरीला वाटलं, आता ती क्षमा मागेल. निदान एक शब्द तरी लिहील. वृषालीबाईंनी लिहिलं, आणि शेवटी व्यवस्थित पूर्णविराम दिला.

'तुला मारलं की मला बरं वाटायचं.'

शर्वरीनं तो कागद चारदा वाचला. मग दुरुस्तीच्या आठवड्यासाठी नाव नोंदवलं.

पुन्हा त्याच खोलीत, त्याच पलंगासमोर ती कड्या घालून बसली. डॉ. मुजावर काचेपलीकडे उभ्या होत्या. शर्वरीनं आईपुढे कागद आणि पेन ठेवलं. वृषालीबाईंनी आनंदानं पेन उचललं. खरं काय ते डॉक्टरांना सांगायची त्यांनाही घाई होती.

'माझी मुलगी', त्यांनी लिहिलं.

लाल.

'खोटं सांगते आहे.'

लाल. प्रत्येक अक्षराला लाल. प्रत्येक वेलांटीला, प्रत्येक उकाराला. कागद भरत गेला आणि शर्वरीचं बोट एकदाही चुकलं नाही. हात गालाकडे आला तेव्हाही लाल. सात दिवस असं चाललं.

पहिल्याच दिवशी डॉक्टर दार उघडून आत आल्या होत्या. "लिहिणंसुद्धा आजाराचं?" त्यांनी विचारलं.

"आजारातच असं भलतंसलतं लिहिते ती," शर्वरी म्हणाली. "माझी आई असं लिहिणार नाही. मी ओळखते ना तिला."

"शर्वरीताई, हे बरोबर नाही. तुम्हालाही माहीत आहे."

"मग दुसरी साक्षी आणा."

डॉक्टर वृषालीबाईंकडे वळल्या. वृषालीबाई तोंडानं काहीतरी सांगत होत्या. त्या ओल्या, लडबडलेल्या आवाजातून एकही शब्द सुटा होत नव्हता. आठवड्याच्या शेवटी साक्षीच्या शब्दाखाली डॉक्टरांची सही लागते. ती त्यांनी केली.

त्या दिवसापासून वृषालीबाई लिहायला बसत, तेव्हा पेन कागदावरून नुसतं फिरत राही. वळणं सगळी बरोबर, पण जोर नाही. शाई उतरेल एवढाही दाब बोटांत उरला नव्हता. पानामागून पान कोरं उलटत जाई. महिन्याभरात त्यांनी पेन धरणं सोडलं. शर्वरी जवळ आली तरी हात उचलणं सोडलं. हात मांडीवर ठेवून त्या समोरच्या भिंतीकडे बघत बसत. डोळे मात्र पूर्वीसारखेच जागे होते.

शर्वरीचा गाल रिकामा राहू लागला. घास भरवताना ती जास्त पुढे वाकून बघे. केस विंचरताना उगाच रेंगाळे. काही होत नसे. पंधरा दिवस गेले, वीस गेले. एका रविवारी सकाळी आईची नवी चादर घालून झाली आणि शर्वरीच्या हातून भरलेला चहाचा कप त्या चादरीवर उपडा झाला. टापटीप हा वृषालीबाईंचा जन्माचा हट्ट. त्यांच्या नाकपुड्या फुलल्या, दात आवळले गेले, आणि सगळं अंग मागे घेऊन त्यांनी हात उगारला.

तो आला आणि शर्वरीच्या गालावर अलगद विसावला. ऊन, कोरडा, हलका. तिनं तो आपल्या हातानं तिथंच दाबून धरला. आईच्या डोळ्यांकडे मात्र पाहिलं नाही.

पुढच्या तपासणीनंतर डॉ. मुजावर यांचा फोन आला. "तो चिकटलेल्या ठिपक्यांचा पुंजका पुन्हा दिसतोय. मध्ये बंद झाला होता. आता दिवसाला पाच-सहा वेळा. घरी काही झालंय का?"

"काही नाही," शर्वरी म्हणाली. "आजार आहे, वाढणारच."

तिनं फोन ठेवला, ओट्यावरचा चहा कपात काठोकाठ ओतला आणि तो हातात घेऊन आईच्या खोलीत गेली.