पिवळा रेनकोट

यात पदरचं काहीही नाही. मर्व टॅस्करने जे सांगितलं तेच सांगतोय, आणि त्याची मुलगी टेगन समोर बसलेली असताना त्याने ते सांगितलं.

टास्मानिया. नोव्हेंबरातला रविवार. भुतांची वेळ म्हणतात तशी वेळही नव्हती, चांगलं उजाडलं होतं.

त्या दिवशी सायकल फेरी होती. शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांना ठेवतात त्या घरासाठी निधी गोळा करायची. मर्वच्या बायकोने तिथेच शेवटचा श्वास घेतला होता. टेगन पहिल्यांदाच फेरीत उतरणार होती, आईसाठी. बापाने शेजारून सायकल चालवायची, असं ठरलं होतं.

पण रात्रभर पाऊस कोसळला. मर्वच्या घरापुढचा पूल पाण्याखाली गेला. मुलगी नदीपलीकडे, गावात राहायची.

सकाळी साडेसहाला त्याने फेरीचं सगळं पाहणाऱ्या नोरीनला फोन केला.

"पूल बुडालाय. मी काही येत नाही."

"सकाळी सकाळी थट्टा नको रे मर्व. आत्ताच तर सही करून छातीवर लावायचा नंबर घेऊन गेलास."

"कोण?"

"तूच की. पिवळा रेनकोट घालून. मी बोलले, तर हूं नाही की चूं नाही. म्हटलं, स्वारी अजून झोपेत दिसतेय."

मर्व हसला. पिवळे रेनकोट काय, पन्नास असतील.

"टेगन कुठंय?"

"निघाली ना. तुझ्याच बरोबर."

तो हसायचा थांबला.

त्याने टेगनला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला... पुन्हा...

आणि तेव्हा त्याला आवाज आला.

टक्... टक्... टक्...

मागच्या शेडमधून.

तो गेला. त्याची सायकल भिंतीला टेकलेली होती, कोरडी ठणठणीत. शेडमध्ये कोणी नव्हतं. वाराही नव्हता.

फक्त मागचं चाक फिरत होतं.

त्याने हाताने ते थांबवलं. हात काढला...

ते पुन्हा फिरू लागलं.

नऊच्या सुमारास टेगनचा फोन आला. डोंगरावरच्या हॉलमध्ये चहाला थांबली होती.

"डॅड, अकरा मिस्ड कॉल? इतका वेळ शेजारी होतास, तेव्हा तोंडाला कुलूप होतं का?"



"टेग, मी घरी आहे. पूल बुडालाय. मी घरातून निघालोच नाही."

पलीकडे कपबशांचे आवाज. मग ती अगदी हळू बोलली.

"तो बाहेर उभा आहे. धुक्यात. आत ये म्हटलं, आला नाही."

"चेहरा पाहिलास?"

"...नाही. टोपी खाली ओढलीय. सकाळपासून नाही पाहिला."



"आई मला काय म्हणायची?" तिने एकदम विचारलं, खात्री करून घ्यायला.

"बटण. तुझ्या नाकामुळे."

 

"डॅड, तो हात करतोय. चल म्हणतोय."

"जायचं नाही. बरोबर कोण आहे?"

"तिघं जण. आम्हीच शेवटचे."

"त्यांनाही सोडू नकोस. चक्कर आली म्हण, पाय मुरगळला म्हण, काय वाटेल ते सांग. पण खुर्चीवरून उठू नकोस."

ती बसून राहिली. फोन कानाला तसाच. खिडकीतून तिला दिसत होतं. पिवळा रेनकोट बराच वेळ हलला नाही. मग तो सायकलवर बसला आणि उतारावरून धुक्यात शिरला. एकदाही मागे न वळता.

त्याच क्षणी इकडे शेडमधला आवाज थांबला.

दहा मिनिटांनी डोंगराची एक अख्खी बाजू त्या उतारावर कोसळली.

मर्वच्या नावाने नंबर घेतलेला माणूस परतला नव्हता, म्हणून दोन दिवस चिखल उपसला. माणूस सापडला नाही. सायकल नाही. रेनकोटाची चिंधीसुद्धा नाही.

यादीवर सही होती. मर्वने ती पाहिली. त्याचीच.

तो तिला न्यायला आला होता, की तिथेच थांबवायला? मर्वला मी हे एकदा विचारलं. तो उठून बाहेर निघून गेला.

तेव्हापासून बाप दारात आला, की टेगन आधी त्याला फोन लावते. त्याच्या खिशात फोन वाजला, तरच कडी काढते. मर्वला वाईट वाटत नाही. तो मुकाट उभा राहतो.

गेल्या मंगळवारी मर्व माझ्याकडे चहाला बसला होता. भर दुपारी. फोन वाजला.

"डॅड," टेगनने विचारलं, "तू कुठं आहेस?"

"शेजारी. चहा पितोय. का गं?"



तिच्याकडे दार वाजत होतं... फोनमधून ते मलाही ऐकू आलं.