टाकीवरची पाच बोटं

मोटरसायकलच्या टाकीवर पाच बोटं उमटली होती. तांबूस-तपकिरी, अगदी ठसठशीत. काल संध्याकाळी हीच टाकी इतकी चकचकीत होती, की मी तिच्यात माझं वेडंवाकडं नाक बघून हसले होते.

"आजोबा!" मी किंचाळलेच. "टाकीला गंज आलाय!"

आजोबा धावत आले. ते धातुशास्त्रज्ञ. निवृत्त झाले, पण घरामागचं वर्कशॉप काही सुटलं नाही. त्यांच्या मागून खरखऱ्या आला. खरखऱ्या हा आमचा रोबो. दिवसभर पत्रे घासत खरखर करतो, म्हणून मीच हे नाव ठेवलंय.

एवढ्याशा गंजाला काय घाबरायचं, असं तुम्हाला वाटेल. सांगते. माझी आई डॉक्टर आहे. घाटमाथ्यावरच्या वाड्यांत ती लस द्यायला जाते. औषधं नेणारे ड्रोन धुक्यात उडत नाहीत आणि आमच्या घाटात धुक्याला काही तोटा नाही. त्यामुळे तिची भिस्त उसाच्या इंधनावर चालणाऱ्या जुन्या मोटरसायकलवर. मागच्या खेपेला ती मोटरसायकल घाटातच बंद पडली. वरून रंग छान तकतकीत, पण त्याच्याखाली गंजाने टाकीला बारीक भोक पाडलं होतं. सगळं इंधन थेंबथेंब गळून गेलं. आई सकाळपर्यंत एकटी त्या धुक्यात, फोन लागेना. मी जेवलेसुद्धा नाही त्या रात्री. म्हणून आजोबांनी भोक बुजवून, जुना रंग खरवडून टाकी चकचकीत केली होती; नवा रंग द्यायचा बाकी होता. आणि उद्या पहाटे तिला परत जायचं होतं!

"उघड्या पत्र्याला हात लावायचा नाही, हे किती वेळा सांगितलंय?" आजोबांचा आवाज चढला. "कुणी लावला?"

"मी नाही! देवाशप्पथ!"

"माझे हात रबरी आहेत," खरखऱ्या घाईघाईने म्हणाला.

"पण आजोबा, नुसत्या हाताने गंज कसा येईल? हाताला पाणी थोडंच असतं?"

"असतं ना! घाम. जरा तळहात चाटून बघ, केतकी."

मी चाटला. खारट लागला.

आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवला. म्हणजे आता ते नीट समजावणार. "लोखंडाला गंज चढायला ओल आणि हवेतला प्राणवायू, दोन्ही लागतात. पत्र्याच्या एका जागेवरून इलेक्ट्रॉन (ऋण विद्युतभार असलेले अतिसूक्ष्म कण) सुटतात. तिथलं लोखंड झिजतं. ते कण शेजारच्या जागी जातात आणि तिथे ओलीतला प्राणवायू ते घेतो. थोडक्यात, पत्र्यावर इवलीशी बॅटरीच सुरू होते. ओल खारी असली, की ती बॅटरी आणखी जोरात चालते."

"मग पुसून टाकू आणि वर रंग मारू! पटकन!"

"अगं, मागच्या वेळी तेच तर झालं. कारागिराने गंज नीट काढलाच नाही, वरून रंग फासला. रंगात केसाएवढी फट पडली, की ओल आत शिरते आणि खाली बॅटरी चालू. बाहेरून पत्ताही लागत नाही."

"म्हणजे ह्याही रंगाला घाटात ओरखडा पडला, तर? परत तसंच होणार?"

आजोबांनी एका जुन्या सेलचं जस्ताचं कवच काढलं. ते आणि एक लोखंडी खिळा मिठाच्या पाण्यात ठेवला, एकमेकांना न टेकवता. खरखऱ्याने रबरी बोटांतून धातूची दोन टोकं बाहेर काढली; एक कवचाला लावलं, दुसरं खिळ्याला.

"वीज वाहतेय," तो म्हणाला. "इलेक्ट्रॉन जस्ताकडून माझ्यातून खिळ्याकडे चाललेत. गुदगुल्या होतायत."

"बघितलंस? इलेक्ट्रॉन देऊन टाकायला जस्त लोखंडापेक्षा उतावीळ असतं. दोन्ही एकत्र असली, की आधी जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं. म्हणून रंगाआधी जस्ताचा प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) द्यायचा. ओरखडा पडला तरी बाजूचं जस्त उघड्या लोखंडाला सांभाळतं."

"बिचारं जस्त!" मी म्हणाले. "ते संपलं की?"

"हळूहळू संपतंच. लवकर संपू नये म्हणून तर वरून रंग."

इतक्यात आई चहा घेऊन आली. खरखऱ्याने टाकीवरच्या बोटांवर उजेड टाकला, मग आईच्या हातावर. "जुळतंय," तो म्हणाला.

आजोबांकडे बघून आई ओशाळली. "अण्णा, चुकलंच माझं. लांब निघायचं असलं, की मी गाडीला हात लावून नमस्कार करते. काल संध्याकाळी केला, आणि हात जरा जास्तच वेळ ठेवला."

"का?" मी विचारलं.

"भीती वाटत होती गं मला."

आई आणि भीती? मला वाटायचं, घाबरायचं काम घरात माझ्या एकटीचं. मी तिला घट्ट मिठी मारली. आजोबांनी घासायचा कागद उचलला.

मग दिवसभर नुसती धावपळ. बोटांचे डाग खरखऱ्याने पार चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासले. जस्ताचा थर बसला, रंग चढला, टाकी भट्टीत तापून निघाली. मी हातमोजे घालून पहारा देत होते.

पहाटे टाकी भरून झाल्यावर मी आईला म्हटलं, "आता ठेव हात. हवा तेवढा वेळ." तिने ठेवला. त्यावर मी माझा ठेवला.

तो दिवस सरता सरेना. मी आणि आजोबा एका नव्या रंगाची आखणी करत बसलो. ओरखडा पडला, की आपोआप लाल होणारा रंग. तो नक्की जमेल, असं आजोबा म्हणतात. माझं अर्धं लक्ष घाटाकडे होतं.

संध्याकाळी फटफट ऐकू आली आणि मी धावत सुटले. टाकीवर लांबलचक ओरखडा होता. काटेरी झुडपाचा, आई म्हणाली. माझा जीवच खाली-वर झाला. झोपायच्या आधी मी टाकीखाली वर्तमानपत्र अंथरलं.

सकाळी बघितलं. कागद कोरडा होता, आणि ओरखड्यावर गंजाचा ठिपकाही नव्हता. मी त्याची घडी घातली आणि जपून ठेवली, आईच्या पुढच्या खेपेसाठी.