नजरेसमोरून

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान तुरुंगात शिपाई होते. भाऊजींना आम्ही चिडवायचो, "तुम्हाला जन्मठेपच झालीय, फक्त जेवायला घरी सोडतात." ते हसायचे. माणूस सरळ, दिल्या शब्दाला जागणारा. त्यांच्यावरच खटला भरला गेला, तेव्हा वकीलपत्र मी घेतलं.

घडलं ते असं. एका म्हाताऱ्या कैद्याला धाप लागली म्हणून सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं. पहाऱ्यावर भाऊजी. कैद्याचा हात हातकडीने खाटेला अडकवलेला, किल्ली भाऊजींच्या खिशात, खिडकीला गज. भर दुपारी, खोलीभर लख्ख उजेड असताना, कैदी नाहीसा झाला. हातकडी बंदच होती. दारासमोर फरशी पुसणाऱ्या बाईने कुणाला बाहेर पडताना पाहिलं नव्हतं.

"डोळा लागला होता का?" मी विचारलं.

"नाही गं. त्याच्याकडेच बघत होतो."

"मग?"

"बघत होतो, तेव्हाच गेला."

मी कपाळाला हात लावला. पहारेकऱ्याने कैद्याला मुद्दाम सोडलं तर मोठी शिक्षा, हलगर्जीपणामुळे तो निसटला तर कमी. बघता बघता विरून गेला, याला कायद्यात कलम नाही.

"झोप लागली म्हणून सांगा ना हो," ताई काकुळतीला आली.

"खोटं कसं सांगू?" भाऊजी म्हणाले.

मी दवाखान्यात जाऊन ती खोली पाहिली. फिनेलचा वास, भिंतीला टेकवलेली लोखंडी खाट. गादीत माणसाच्या अंगाएवढा खळगा होता.

"जुनी झालीय गादी," मी म्हणाले.

नर्स चादरीची घडी करत होती. "कालच बदलली, मॅडम. त्याच्या आधी परवा."

मी खळग्यात तळवा टेकवला. कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी ऊब होती. ऊन पडत असेल, असं मी मनाशी म्हटलं. खिडकी उलट्या बाजूला होती, ऊन खाटेपर्यंत येतच नव्हतं.

कोर्टात हातकडीचं पाकीट उघडलं गेलं. लाखेचं सील शाबूत होतं. न्यायाधीशांनी हातकडी उचलली आणि पटकन खाली ठेवली. मग रुमालाने बोटं पुसली.

"ही कुठे ठेवली होती?" त्यांनी कारकुनाला विचारलं.

"कपाटात, साहेब. बंद."

नंतर हातकडीकडे त्यांनी पुन्हा पाहिलंही नाही.

शेवटी न्यायाधीशांनी भाऊजींना विचारलं, काही सांगायचंय का? ते उठले. मी खुणेने नको म्हणत होते.

"साहेब, तो सकाळपासून मला काहीतरी सांगत होता. गावाचं, मुलीचं. त्याला भेटायला कधीच कुणी आलं नाही. मी नुसतं हं हं करत होतो. नजर ठेवणं माझं काम, ती मी ठेवली. लक्ष नाही दिलं. त्याचा आवाज बारीक होत गेला, तसा तोही. पुढे होऊन एकदा हात धरला असता, तर राहिला असता तो."

सरकारी वकिलांनी एकच वाक्य टिपून घेतलं: लक्ष नाही दिलं.

निकाल त्याच वाक्यावर लागला. हलगर्जीपणा सिद्ध, कैद. माझी सगळी उलटतपासणी पाण्यात गेली. ताई रडली नाही, भाऊजींच्या सदऱ्याचं सुटलेलं बटण लावत राहिली.

"तुझं काही चुकलं नाही," भाऊजी मला म्हणाले. "कुणीतरी भोगायलाच हवं होतं."

बाहेर पिंजऱ्याची गाडी उभी होती. मागच्या दाराखाली पत्र्याची सैल पायरी होती. भाऊजींनी पाय ठेवला, पायरी करकरत खाली दबली. ते आत गेले, पायरी वर आली. आत बसून ते बाकावर थोडे सरकले आणि शेजारी एका माणसाची जागा करून दाराकडे पाहू लागले.

"चला, लावा दार," ड्रायव्हर ओरडला.

सोबतच्या शिपायाने दाराला हात घातला. तेवढ्यात, वर कुणीच नसताना, पायरी पुन्हा करकरत दबली, वर आली, आणि भाऊजी शेजारच्या रिकाम्या जागेकडे मान वळवून ऐकू लागले.