खालच्या आळीची रेघ

मानवजात मंगळावर गेली ती केवळ ज्ञानाच्या ओढीने. वस्तीच्या प्रवेशद्वारावर तसे कोरलेच आहे. आत राहणाऱ्यांना विचारले, तर बहुतेक जण सांगतात की पृथ्वीवर घरभाडे परवडेना.

वस्ती जमिनीखाली, तीन मजल्यांची. मजल्यांना नावे काय द्यावीत यावर पुष्कळ चर्चा झाली आणि शेवटी वरची आळी, मधली आळी, खालची आळी असे ठरले. वर समिती राहते, मध्ये कामाची माणसे आणि खाली म्हातारी.

बारा वर्षांच्या कस्तुरीचे आजोबा, आप्पा, खालच्या आळीत राहत. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांचे ते निवृत्त शास्त्रज्ञ. हल्ली ते बोलता बोलता पेंगत. शेजारच्या सोमणकाकू तर गेल्या आठवड्यात झोपल्या त्या उठल्याच नाहीत. "वयोमानानुसार," समितीने कळवले. पण अख्ख्या आळीचे डोके दुखत होते. सगळ्यांचे वय एकाच महिन्यात कसे झाले, हे कोडे कस्तुरीला सुटेना.

"आप्पा, हवा बिघडली असेल का हो?"

"छे! सकाळी निवेदन ऐकलं ना?" आप्पांनी जांभई दिली.

निवेदक हा वस्तीचा यंत्रमानव. बोळातून फिरत तो रोज वाचे : "वस्तीतील प्राणवायूची सरासरी १९.७ टक्के असून ती १९.५ या सुरक्षित मर्यादेच्या वर, म्हणजेच समाधानकारक आहे."

कस्तुरीने त्याला अडवले. "सरासरी नको. प्रत्येक आळीचे आकडे वेगळे सांग. चार आठवड्यांचे."

निवेदक सांगू लागला. एका दमात, एकाच वाक्यात. संपले तेव्हा आप्पा घोरत होते आणि कस्तुरीला पहिला आकडाही आठवत नव्हता.

"आप्पा, उठा! काही कळलं नाही."

"कसं कळेल? वाक्यात आकडे कोंबले की ते गर्दीत हरवतात. सारणी कर (म्हणजे आडव्या रांगा आणि उभे स्तंभ आखून केलेली मांडणी). आठवडे खाली खाली, आळ्या शेजारी शेजारी."

कस्तुरीने निवेदकाला एकेक आकडा पुन्हा सांगायला लावला आणि आखले :

आठवडा | वरची | मधली | खालची
१ | २१.० | २०.९ | २०.८
२ | २१.० | २०.९ | १९.६
३ | २१.० | २०.९ | १८.४
४ | २१.० | २०.९ | १७.२

आप्पांची झोप उडाली.

"म्हणजे वरच्यांची चांगली हवा आमच्या वाईट हवेत मिसळून सरासरी काढली! कागदावरच मिसळली. नाकात नाही." ते भिंतीला धरून उठले. "आता आलेख काढ (आकड्यांचं चित्र). आडव्या अक्षावर आठवडे, उभ्या अक्षावर प्राणवायू. ठिपके दे आणि जोड."

दोन रेघा सपाट आल्या. तिसरी जिन्यासारखी उतरत गेली.

"हीच चाल राहिली तर?" कस्तुरीने तिसरी रेघ तुटक तुटक पुढे नेली. "पुढच्या आठवड्यात सोळा."

"सोळाला माणसाला धड विचार करता येत नाही," आप्पा म्हणाले. "आणखी खाली गेलं की करावाच लागत नाही."

कस्तुरी कागद घेऊन वरच्या आळीत धावली. समितीच्या अध्यक्ष देवस्थळीबाईंनी आलेख पाहिला आणि पडद्यावर तोच पुन्हा काढला. फक्त उभा अक्ष शून्यापासून शंभरापर्यंत घेतला. तिसरी रेघ जवळजवळ आडवी झाली.

"बघ, किती शांत दिसते," बाई म्हणाल्या.

"बाई, आकडे तेच आहेत. तुम्ही फक्त माप बदललंत. माणूस सोळाला पडतो, तर सोळाच्या आसपासचं दिसायला नको?"

"घबराट पसरेल गं."

"पसरू दे ना! निदान उठतील तरी."

बाई विचार करीत राहिल्या. त्यांच्याकडे प्राणवायू भरपूर होता.

कस्तुरी बोळात निवेदकापाशी आली. सगळ्यांच्या दारात आलेख कोण नेणार? आणि झोपलेल्या माणसाला तो दिसणार कसा? नेमका आकडा हवा तर सारणी बघावी, चाल हवी तर आलेख. पण दार ठोठावायला शब्दच लागतात. तिने एकच वाक्य दिले. निवेदकाने ते सारणीशी ताडून पाहिले.

"वाक्य आकड्यांशी जुळते. वाचण्यास हरकत नाही."

आणि तो खालच्या आळीत, नेहमीच्याच गोड आवाजात वाचत फिरला : "आपल्या आळीतला प्राणवायू धोक्याच्या मर्यादेखाली गेला आहे, आत्ता वर चला, शेजाऱ्याला उठवा."

माणसे उठली. काही चालत आली, काहींना आणावे लागले. आप्पांना कस्तुरीने आणि निवेदकाने मिळून जिना चढवला. खालच्या यंत्राची गाळणी पार बुजलेली निघाली. जादा गाळणी वस्तीत नव्हती.

आता खालची आळी वरच्या आळीच्या बोळात झोपते. आप्पांचे डोके दुखत नाही आणि ते मुलांना अक्ष आखायला शिकवतात. समितीच्या दारावर रोज आळीवार आलेख लागतो. माप कस्तुरी ठरवते. माणसे वाढल्यामुळे वरच्या आळीची रेघ किंचित कलली आहे. कस्तुरीने ती तुटक तुटक पुढे नेऊन पाहिली. धोक्याच्या मर्यादेला ती आठव्या महिन्याच्या मध्यावर टेकते. नवी गाळणी घेऊन पृथ्वीवरून यान निघाले आहे, ते सातव्या महिन्याच्या अखेरीस पोचेल.

मागचे यान एक महिना उशिरा आले होते.