डाव्या स्पीकरची तार

वीरधवल आमच्या दुकानात आला तेव्हा त्याला स्पीकर घ्यायचेच नव्हते. कडेगावला तो नवं घर बांधत होता आणि आमच्या शेजारच्या दुकानात फरशी बघत होता. परतीचा पाऊस अचानक कोसळला, फरशीवाल्याने शटर अर्धं खाली ओढलं आणि हा माणूस फरशीचा एक नमुना छातीशी धरून आमच्या काचेच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"आत या. काच भिजतेय," मी म्हटलं.

"काच भिजतेय, आणि मी?"

"तुम्ही आपोआप वाळाल. काच मला पुसावी लागते."

तो हसला आणि आत आला. पायपुसण्यावर बूट तीनदा घासले. लष्करातून आलेली माणसं असे बूट पुसतात, हे मला सांगलीत राहून माहीत होतं.

विश्रामबागेतलं हे दुकान शाहनवाजभाईंचं. भारी ॲम्प्लिफायर, भारी स्पीकर. मागे एक ऐकायची खोली. तिला जाड पडदे, गालिचा आणि बरोबर मध्यभागी एकच खुर्ची. गिऱ्हाइकाला तिथे बसवून जोड्या ऐकवायच्या आणि विकलेली जोडी घरी नेऊन लावून द्यायची, हे माझं काम. पाच वर्षं करत होते.

"हे एवढे उंच?" माझ्या छातीपर्यंत येणाऱ्या टॉवर स्पीकरकडे बघत त्याने विचारलं. "ऐकवा की."

"आत्ता नाही. मागच्या पत्र्यावर पाऊस वाजतोय. या आवाजात काही कळणार नाही."

"मग थांबतो."

"किती वेळ?"

"पाऊस म्हणेल तेवढा."

पाऊस चाळीस मिनिटं पडला. तेवढ्या वेळात मला कळलं की तो तोफखान्यात दहा वर्षं होता, मेजर होऊन बाहेर पडला, आता घरचा ऊस बघतो. त्याला माझं नाव कळलं.

"क्रांती? नाव ऐकलं की सावधानमध्ये उभं राहावंसं वाटतं."

"तुमचं काय कमी आहे? वीरधवल म्हणेपर्यंत माणूस पुढे निघून जाईल."

"घरी धवल म्हणतात."

"मी दुकानात आहे," मी म्हटलं. तो पुन्हा हसला.

पाऊस थांबला तेव्हा त्याला खुर्चीत बसवलं आणि एक ठुमरी लावली. मी नेहमीप्रमाणे डाव्या हाताला, ॲम्प्लिफायरच्या मांडणीपाशी उभी होते. गिऱ्हाईक समोर बघतं किंवा डोळे मिटतं. याने तसं केलं नाही. त्याने मान डावीकडे वळवली, माझ्याकडे, आणि गाणं संपेपर्यंत तशीच ठेवली. मी नजर खाली घातली, आवाजाचं बटण उगाच पुसलं…

"बाई कुठे उभी आहे?" त्याने विचारलं.

"कोण बाई?"

"गाणारी. तुम्हाला कुठे दिसते?"

आजवर कुणी असं विचारलं नव्हतं. मी पुढे गेले आणि हवेत हात धरून दाखवलं. "इथे. बरोबर मधे, दोन पावलं मागे. तबला आपल्या डावीकडे. सारंगी उजवीकडे, जरा खाली बसून."

"हां," तो म्हणाला. "बरोबर मधे. दोन पावलं मागे."

त्यानंतर तो दर मंगळवारी यायला लागला.

तीन जोड्या होत्या. डेन्मार्कची बारीक कमरेची, जर्मनीची काळीभोर आणि इंग्लंडची चौकोनी, अक्रोडाच्या लाकडाची. तो प्रत्येक जोडी ऐकायचा, मान माझ्याकडे वळवायचा, विचारायचा, "आता कुठे दिसते?" मी सांगायचे. बोलताना तो इतका जवळ झुकायचा की त्याच्या शर्टाला येणारा इस्त्रीचा वास मला यायचा. बाहेर चहाला जाताना तो मागून वळसा घेऊन मला आपल्या उजव्या हाताला घ्यायचा. मी रहदारीच्या बाजूला येतेय याचंही भान त्याला नसायचं. मला ते वेडेपण गोड वाटायचं.

"अगं क्रांती," शाहनवाजभाई एकदा म्हणाले, "हा माणूस स्पीकर घेणार आहे, की खोली भाड्याने?"

"त्यांचं ठरत नाहीये, भाई."

"त्याचं ठरत नाही ते ठीक. तुझं काय? मंगळवारी कानात नवे झुमके असतात. काल नव्हते."

एका मंगळवारी मी वीरधवलला एकच खुर्ची का असते ते समजावलं. दोन स्पीकर आणि ऐकणारा, तिघांमधलं अंतर सारखं असावं लागतं. मधला तो एकच बिंदू. तिथे बसणाऱ्यालाच गाणं पूर्ण दिसतं. शेजारी बसणाऱ्याला अर्धंमुर्धं.

"म्हणजे घरात दोघं असतील तर?"

"एकानं त्याग करायचा."

"मग मी बाजूला बसेन," तो सहज म्हणाला. "मधे तुम्ही बसा."

त्या रात्री मी जेवताना दोनदा मीठ मागितलं. आई बघत राहिली.

आईला कारण होतं. फलटणचं स्थळ आलं होतं. मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट, माणसं साधी, काही मागणं नाही. तुळशीच्या लग्नाआधी उत्तर द्यायचं होतं. मी हे वीरधवलला चहाच्या गाड्यावर सांगितलं. त्याने कप बोटांत फिरवला.

"चांगलं आहे का स्थळ?"

"चांगलं आहे."

"मग?"

"मग काय… विचार करतेय."

त्याने चहा संपवला. मग म्हणाला, "काय ते ठरलं की मला सांगा. आधी मला सांगा."

पुढच्या सोमवारी मी फलटणला नकार कळवला. आईने भांडी आपटली. बाबा म्हणाले, "कारण तरी सांग." मी म्हटलं, दोन दिवसांत सांगते.

मंगळवारी दुकान आटोपून आम्ही शंभर फुटी रस्त्याने चालत निघालो. गळीत हंगाम सुरू झाला होता. मागून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर आला, गाणी लावलेला, हेलकावे खात. वीरधवलने माझा कोपर धरला, मला आतल्या बाजूला घेतलं आणि स्वतः रस्त्याच्या बाजूला गेला. पहिल्यांदाच. त्याचा हात सुटला तरी कोपराला ऊब राहिली. मी मनाशी म्हटलं, आज.

ट्रॅक्टर पूर्ण पुढे जाऊ दिला. त्याची गाणी विरू दिली. मग मी समोर बघत, हळू आवाजात, एक एक शब्द नीट उच्चारत म्हटलं, "मी फलटणला नाही म्हणून कळवलं. तुमच्यासाठी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. हसला. छान, शांत हसला. थोडं चालल्यावर म्हणाला, "चला, तुमची बस चुकेल."

मला वाटलं, लाजला. दहा वर्षं तोफा डागलेला माणूस लाजला, याचंच मला कौतुक.

पुढचे दोन मंगळवार तो आला नाही. ऊसतोड आली असेल, असं मी आईला सांगितलं आणि स्वतःलाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याचा निरोप आला: "अक्रोडाची जोडी घेतोय. तुम्हीच लावायला या." 'तुम्हीच' हा शब्द मी किती वेळा वाचला ते सांगत नाही.

दुकानाचा माल पोचवणाऱ्या नाथाजीच्या टेम्पोतून आम्ही कडेगावला पोचलो. नाथाजीने खोकी दिवाणखान्यात नेऊन ठेवली. फरशी तीच होती, पावसात छातीशी धरलेली. भिंतींना ताज्या रंगाचा वास. वीरधवल रानात गेला होता. त्याची आई, मनुबाई, बाहेर आल्या. जाड चष्मा, हातात पितळी ताट.

"आवं, आधी बसा की वाईच. तोंड गोड करा, मग कामाला लागा."

"कशाचे पेढे, काकू?"

"साखरपुड्याचे हायती. परवा झाला न्हवं धवलचा! पोरगी कराडची हाय. लय गुणाची. लगीन माघात." त्यांनी माझ्या तळहातावर पेढा ठेवला. "तुमचं लय नाव घेतो बघा त्यो. सांगलीच्या म्याडमनी ही खोकी निवडल्याती म्हनतो, नवरीसाठी."

पेढा मी खाल्ला. ताजा होता.

मग काम केलं. भिंतीपासून अडीच फूट. दोन स्पीकरमध्ये आठ फूट. दोन्ही किंचित आत वळवलेले. खुर्चीच्या जागी फरशीवर पिवळ्या पट्टीची फुली. मोजमापात चूक झाली नाही, हे मला आठवतं. तारा जोडल्या. इतक्यात वीरधवल आला, पायांना चिखल, आणि मला बघून दारातच थांबला.

"आलात."

"अभिनंदन," मी म्हटलं. "बसा. ऐकून घ्या."

तो फुलीवरच्या खुर्चीत बसला. मी डावीकडे उभी राहिले आणि तीच ठुमरी लावली. त्याने मान माझ्याकडे वळवली, तशीच, पहिल्या दिवसासारखी. पण आज मी नजर खाली घातली नाही. म्हणून मला आधी स्पीकर दिसला. डावा स्पीकर, माझ्यापासून दोन हातांवर, मुका होता. मी तार खोबणीत घातली होती, वरचा स्क्रू आवळायला विसरले होते. पाच वर्षांत पहिल्यांदा.

गाणं अर्ध्यावर आलं. सगळं उजव्या कोपऱ्यातून येत होतं.

"वा!" वीरधवल म्हणाला. "घरी जास्त खुलतंय. विशेषतः डावीकडे. तबला अगदी स्वच्छ."

मी गाणं बंद केलं तशी त्याने मान समोर केली.

"डावा स्पीकर वाजतच नव्हता," मी हळूच म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. हसला. तेच छान, शांत हसू.

"असं हसू नका," मी म्हटलं. "मी काय म्हटलं ते सांगा."

हसू हळूहळू गेलं. त्याने दाराकडे पाहिलं, आई आत असल्याची खात्री केली.

"डावा कान गेलाय," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली. कानावरचं संरक्षण घातलं नव्हतं, तोफ उडाली. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, येणार नाही. ऐकू आलं नाही की मी हसतो. सवय लागलीय… लोकांना बरं वाटतं."

"मग हे स्पीकर?"

"त्या दिवशी पावसात वाटलं, एवढे उंच, एवढे भारी… एखादी जोडी तरी या कानापर्यंत पोचेल. म्हणून तुम्हाला विचारायचो बाई कुठे उभी आहे. मला ती कायम उजव्या भिंतीला टेकलेली असायची."

मी तार काढली, पुन्हा घातली, स्क्रू आवळला. तेवढा वेळ मला हवा होता. मान का वळायची ते कळलं, उजवा कान पुढे यायला. जवळ का झुकायचा, उजव्या हाताला का घ्यायचा, सगळं कळलं. तुम्ही मधे बसा का म्हणाला, तेही. त्याला कुठेही बसलं तरी सारखंच होतं.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो. पण तुमच्यापुढे फलटणचं चांगलं स्थळ, आणि मी असा. म्हटलं, तुम्ही फलटणला नाही म्हणालात तर कानाचं सांगून टाकू, मग बाकीचं विचारू." तो चिखलाच्या पायांकडे बघत होता. "आधी मला सांगा, म्हटलं होतं. तुळशीचं लग्न झालं, तुम्ही काही बोलला नाहीत. मी समजलो, ठरलं. मग आई म्हणेल त्याला हो म्हटलं."

शंभर फुटी रस्त्यावरचं ते वाक्य पुन्हा तयार होतं. सहा शब्दांचं. आतून मनुबाईंच्या बांगड्या वाजल्या. चहाची कपबशी कुणाला तरी नीट धुवायला सांगत होत्या.

"तिला सांगितलंय? कराडला?"

"आई म्हणते, लग्नानंतर. कान कळला तर स्थळ हातचं जाईल म्हणते."

"आधी सांगा," मी म्हटलं. "उद्याच सांगा. तिने कधी डाव्या बाजूने काही सांगितलं तर?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मी पाठ फिरवली.

ॲम्प्लिफायरला मागे एक लहान बटण असतं, मोनोचं. ते दाबलं की डावं-उजवं वेगळं राहत नाही, दोन्ही स्पीकर सगळंच वाजवतात. भारी जोडी घेणाऱ्याने ते कधी दाबायचं नसतं, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. मी ते दाबलं. खुर्ची फुलीवरून उचलायला लावली, दीड हात डावीकडे सरकवली, त्याचा उजवा कान स्पीकरसमोर येईल अशी तिरकी केली. पिवळी फुली फरशीवरून खरवडून काढली आणि नव्या जागी लावली.

"आता ऐका."

ठुमरी सुरू झाली. तो मान न वळवता ऐकत होता. एकदा त्याचा हात खुर्चीच्या हातावर घट्ट झाला.

"हा तबला होता?" तो म्हणाला. "एवढे दिवस?"

"होता."

"नि ही फुली? शेजारी बसणाऱ्याचं काय?"

"मोनोत सगळ्यांना सारखंच ऐकू येतं," मी म्हटलं. "कुणाला त्याग करावा लागत नाही."

नाथाजीने टेम्पो सुरू केला. वीरधवल फाटकापर्यंत आला. चालताना त्याने वळसा घेतला आणि मला उजव्या हाताला घेतलं. टेम्पोपाशी तो थांबला.

"क्रांती… त्या दिवशी, शंभर फुटी रस्त्यावर. ट्रॅक्टर गेल्यावर तुम्ही काहीतरी बोलला होतात. ओठ हलताना दिसले. काय म्हणालात?"

मी त्याच्या उजव्या कानाशी उभी होते. नाथाजीने इंजिन बंद केलं, माझ्यासाठी. शेजारच्या रानात उसाचं पाचट वाजत होतं, तेवढाच आवाज.

त्याच्या वागण्यातली एकच गोष्ट त्या कानाच्या हिशेबात बसत नव्हती. ट्रॉली हेलकावली तेव्हा त्याने मला आतल्या बाजूला घेतलं होतं. स्वतःच्या डावीकडे, ऐकू येणार नाही त्या बाजूला.

"म्हटलं, पाऊस येईल आज."

"नोव्हेंबरात?"

"हो."

तो क्षणभर आठवत राहिला. "आला नाही त्या दिवशी."

"नाही आला," मी म्हटलं, आणि टेम्पोत बसले.