ग्राफिक कार्ड आणि गार कॉफी

दोन हात एकाच वेळी त्या कार्डावर पडले. एक सिवारचा – भिजलेला, बाहीतून पाणी गळणारा. दुसरा कोणाचा हे बघायच्या आधीच तिने कार्ड स्वतःकडे ओढलं.

"ताई... ते मी घेतलंय."

"पैसे दिलेत?"

"देतोच आहे."

"म्हणजे दिले नाहीत." आता कुठे तिने वर पाहिलं.

समोर एक उंच तरुण उभा होता. चष्म्यावर पावसाचे थेंब साचलेले. चष्मा पुसायला हात मोकळा करावा, तर कार्ड जाणार; म्हणून बिचारा थेंबांआडूनच तिच्याकडे बघत होता. सिवारला हसू आलं, पण तिने ते ओठांतच दाबलं. हसलं की कार्ड गेलं!

बाहेर जॉर्डनमधल्या इर्बिद शहराचा युनिव्हर्सिटी रस्ता नदीसारखा वाहत होता आणि अबू राशिदच्या त्या चिंचोळ्या कंप्यूटरच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून हे दोघंच होते. अबू राशिदने काउंटरमागून दोन्ही हात वर केले.

"तुमचं तुम्ही ठरवा, लेकरांनो. जुन्या मालात असलं कार्ड एकच आलंय. आणि नवं घ्यायची ऐपत दोघांच्याही चेहऱ्यावर दिसत नाही."

"तुम्हाला कशाला हवंय?" तरुणाने विचारलं.

"कामाला. आणि गेम खेळायला."

"गेम? तुम्ही?"

"का? बायकांचा नेम चुकतो?"

"तसं नाही... म्हणजे..."

"काम पोट भरतं, गेम डोकं थंड ठेवतो. दोन्हीला एकच कंप्यूटर करायचाय, आणि तोही माझ्या ऐपतीत. तुमचं काय?"

"नुसते गेम," तो ओशाळून म्हणाला. "दिवसभर लॅबमध्ये लोकांचे कृत्रिम दात घडवतो. संध्याकाळी कोणाचे तरी पाडावेसे वाटतात."

आता मात्र सिवारला हसू आवरेना. आणि हसण्यापाठोपाठ, का कोण जाणे, तिने त्याला सगळं खरं सांगून टाकलं. ती लग्नांचं चित्रण करत असे, तेही बायकांच्या हॉलमधलं. तिथे डोक्यावरचे रुमाल उतरतात, केस मोकळे सुटतात, आज्यासुद्धा कमरेला शाल बांधून नाचतात. ते चित्रण परक्या पुरुषाच्या नजरेला पडता कामा नये. त्यामुळे बाजारातल्या कुठल्याही स्टुडिओत ते जोडायला देता येत नाही. सिवारचा जुना लॅपटॉप ऐन कामात मेला होता. नवरी होती रहफ. गुरुवारी नवऱ्याबरोबर स्वीडनला निघणार होती, आणि आईचा नाच असलेली ती फिल्म तिला बरोबर न्यायची होती.

"आणि नाही झाली तर?"

"तर माझ्या मावशीच्या शाळेत कारकुनाची खुर्ची रिकामी आहे. बाबांनी बजावलंय – ही फिल्म वेळेवर दिलीस तर धंदा कर, नाही तर मुकाट्याने खुर्चीत बस." तिने कार्ड आणखी घट्ट धरलं. "मला ती खुर्ची नकोय."

तरुणाचा हात हळूच कार्डावरून उठला. मग त्याने सावकाश चष्मा पुसला, तो डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. जरा जास्तच नीट.

"मी कुतैबा," तो म्हणाला. "कार्ड तुमचं. पण बाकी काय काय घेतलंत, तेवढं बघू द्या."

झालं! कार्ड सोडलं, पण गडी जागचा हलेना. एकेक डबा हातात घेऊन त्याने परीक्षकासारखी तपासणी मांडली.

"रॅम बत्तीस? खेळायला सोळा पुष्कळ झाली."

"खेळायला. अख्ख्या लग्नाचं चित्रण उलगडायला नाही."

"प्रोसेसर बरा निवडलात."

"चुकून नाही निवडला."

"आणि हे कॅबिनेट घे, पोरी," अबू राशिद मध्येच घुसला. "लाल, निळे, हिरवे दिवे! खोलीत जत्रा भरल्यासारखी वाटते."

"काका, दिव्यांनी फिल्म लवकर होते?"

"ते... नाही होत."

"मग अंधारच बरा."

कुतैबा खदखदून हसला. पण शेवटचा डबा हातात घेतल्यावर त्याचा चेहरा बदलला. "हा पॉवर सप्लाय घेऊ नका. हे कार्ड भुकेलं जनावर आहे. हा त्याला अर्धपोटी ठेवेल."

"उरलेल्या पैशांत हाच बसतो."

"मग रॅम अर्धी करा."

"रॅमला हात लावायचा नाही."

"हट्टी आहात."

"आहेच."

"निदान जोडून तरी मी देतो—"

"जोडेन माझं मी." तिने सगळे डबे पिशवीत भरले आणि छत्री उघडली. दाराशी मात्र ती थबकली. "कार्डाबद्दल... आभार." आणि पावसात शिरली. वाटभर तिला उगाचच हसू येत होतं, आणि स्वतःचा राग येत होता.

कंप्यूटर तिने खरोखरच एकटीने जोडला. बटण दाबताच पंखे घुमले, पडदा उजळला. एक गेमही खेळून पाहिला; लोण्यासारखा चालला. मग तीन दिवस ती जागची उठली नाही. चित्रण कापलं, जुळवलं, रंग नीट केले. बुधवारी दुपारी तिने शेवटचं काम लावलं – सगळे तुकडे सांधून एक अखंड फिल्म तयार करायचं. कार्डाने जोर धरला, आणि... फट्! सगळं काळंकुट्ट.

पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

"काय गं, झालं का?" बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज आला. बाबा, म्हणजे अबू मामून, लष्करातून निवृत्त झाले होते. त्यांच्या साध्या प्रश्नालाही हुकमाचा वास येई.

"होतंय, बाबा!"

काय होतंय, कपाळ! उद्या रहफचं विमान होतं. सिवारने डोळे पुसले, गर्व गिळला आणि अबू राशिदकडून एक नंबर मागून घेतला.

"मी सिवार. कार्डवाली."

"ऐन जोर लागला की बंद पडतोय ना?" पलीकडून लगेच उत्तर आलं.

"'मी सांगितलं होतं' असं म्हणायचं असेल, तर आत्ताच म्हणून घ्या."

"नाही म्हणणार," कुतैबाचा आवाज मऊ झाला. "पत्ता सांगा."

तो आला तेव्हा काखेत फडक्यात गुंडाळलेला एक पॉवर सप्लाय होता. सिवारच्या आईने त्याला आत घेतलं आणि मसूर निवडायचं ताट घेऊन त्याच खोलीत बैठक मारली. कुतैबाने मान खाली घालून मुकाट्याने स्क्रू काढले. सिवारने तो डबा पाहिला. कडांवर धूळ होती, वायरींना वळण पडलेलं होतं.

"हा तुमच्या कंप्यूटरमधला आहे!"

"होता."

"मग तुमचे गेम?"

"तुमची फिल्म होईपर्यंत लोकांचे दात शाबूत राहतील."

कुणीतरी आपल्या कामाला इतकं मोठं काम मानलं, हे तिच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

जोडणी झाली. आता कसोटी म्हणजे प्रत्यक्ष फिल्मच. दुसरं काही करून बघायला वेळच नव्हता. सिवारने हात पुढे केला आणि अडखळली. पडद्यावर त्या बायका दिसणार होत्या... तिने काही म्हणण्याआधीच कुतैबाने खुर्ची उचलली, भिंतीकडे फिरवली आणि पडद्याकडे पाठ करून बसला.

"आवाजही बंद करा," तो भिंतीला म्हणाला. "गाणीही माझ्यासाठी नाहीत. तुम्ही फक्त कार्ड किती तापतंय ते सांगत राहा."

आईचा मसुरातला हात थांबला. तिने सिवारकडे पाहिलं, सिवारने तिच्याकडे. दोघींनाही जे कळायचं ते कळलं.

"सत्तर," सिवार म्हणाली.

"छान."

"अठ्ठ्याहत्तर..."

"घाबरू नका. पंखा ऐका, आता वेग घेईल."

"ब्याऐंशी. आणि तिथेच थांबलंय."

"तुमचा आवाज का थरथरतोय मग?"

"थंडी आहे!"

"हं... असेल," भिंतीकडे बघत तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झालेले सिवारला मागून स्पष्ट दिसले.

मध्येच आईने वेलदोड्याची कडू कॉफी त्याच्या हातात दिली. त्याचं सगळं लक्ष पंख्याच्या आवाजाकडे. कप घेतला आणि शेजारच्या तिवईवर तसाच ठेवून दिला. ओठालाही लावला नाही.

अशातच अबू मामून नमाज आटोपून आत आले; सिवारने चटकन पडदा त्यांच्या नजरेआड वळवला. त्यांची नजर आधी पाठमोऱ्या पाहुण्याकडे गेली, मग त्या भरल्या कपाकडे, आणि त्यांची पावलं जागीच थांबली. आमच्याकडे मुलीला मागणी घालायला आलेला माणूस पुढ्यातली कॉफी न पिता खाली ठेवतो. घरच्या वडीलधाऱ्याने 'कॉफी घे' म्हटलं, की मागणी मान्य. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण पंख्याच्या नादात कुतैबाला त्याचं भान राहिलं नव्हतं.

"काही मागणं आहे का, बाळ?" अबू मामूननी धीरगंभीर आवाजात विचारलं.

कुतैबाने कपाकडे पाहिलं. चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "काका, देवाशपथ... मी विसरलोच..." हात कपाकडे गेला. एक घोट, की चूक मिटली असती. आणि तो हात... मागे आला.

"विसरलो होतो, हे खरं," तो सावकाश म्हणाला. "पण आता तुम्ही विचारलंत, आणि मी हा कप प्यालो, तर ते खोटं होईल. ही मागे बसून मला आकडे सांगत होती आणि मला वाटत होतं, हा आवाज जन्मभर असाच ऐकत बसावं. मला सिवार आवडते, काका."

"मागणी घालायला लोक चार मोठी माणसं घेऊन येतात. तू स्क्रूड्रायव्हर घेऊन आलास."

"माणसंही आणतो. म्हणाल त्या दिवशी."

अबू मामून मुलीकडे वळले. "तुझं काय म्हणणं?"

"थांबा, बाबा. आधी फिल्म." सिवारचे डोळे पडद्यावरून हलले नाहीत. आवाज मात्र आता थरथरत नव्हता. "आणि कुतैबा, ऐकून ठेवा. लग्न झालं तरी हे काम चालणार. खोलीचं दार बंद राहणार."

"मी दाराबाहेर बसेन."

"कंटाळलात तर?"

"तर आतून एखादा आकडा सांगा."

पंखा घुमत होता, पडद्यावरची पट्टी भरत होती. ब्याऐंशी. ब्याऐंशीच. पट्टी टोकाला टेकली, आणि या वेळी पडदा काळा झाला नाही. सिवारने शेवटचा भाग उघडून पाहिला. रहफची आई लेकीचे दोन्ही हात धरून नाचत होती, अगदी शेवटपर्यंत, कुठेही न अडकता. सिवारने आपल्या आईला जवळ बोलावून ते दाखवलं. आईने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने नाक पुसलं आणि नवऱ्याकडे बघून नुसती मान हलवली.

"झाली, बाबा," सिवार म्हणाली. "उद्या सकाळी रहफच्या हातात देते. आणि माझं म्हणणं विचारत होतात ना... पाहुण्याला किती वेळ तहानलेलं ठेवणार?"

अबू मामूननी घसा खाकरला. मिशीवरून हात फिरवला. मग ते बायकोला म्हणाले, "तुझ्या बहिणीला फोन कर. म्हणावं, शाळेसाठी दुसरी मुलगी बघ. आमची कामात आहे."

सिवारला रडू आवरेना. भिंतीकडे तोंड करून बसलेला कुतैबा अजून हललाही नव्हता; पडदा बंद झाला की नाही, हेही त्याने विचारलं नव्हतं. अबू मामून त्याच्यापाशी गेले, तिवईवरचा कप उचलून त्याच्या हातात दिला.

"घे, बाळ," ते म्हणाले. "कॉफी घे."

त्याने तो गार कप एका दमात संपवला. घाईघाईत निम्मी कॉफी सदऱ्यावर सांडली. सिवार रडता रडता मोठ्याने हसली, आणि आई दुसरी कॉफी ठेवायला उठली.